आमेन होईपर्यंत

डेव्हरो गावात विनापरवाना गाडी चालवताना कुणी सापडलं, तर पोलीस चीफ वर्नेल टिसडेल त्याला अटक करत नसे. ती नुसता हात पुढे करायची. समोरचा मुकाट्यानं गाडीची किल्ली तिच्या तळहातावर ठेवायचा, तिच्या गाडीत येऊन बसायचा, आणि ती त्याला घरी सोडून यायची. वाटेत इतकी बोलणी खावी लागत की त्यापेक्षा दंड परवडला असं वाटावं. मग परवाना असलेलं कुणीतरी, मेव्हणा म्हणा, चर्चमधली एखादी बाई म्हणा, येऊन ती किल्ली घेऊन जायचं. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. कुणाला सांगावीही लागत नव्हती, आणि घोटाळा झाला तो नेमका तिथेच.

गेल्या हिवाळ्यात जॉर्जिया राज्याच्या राजधानीत एक कायदा झाला. ज्या गावाला स्वतःचं पोलीस दल आहे, त्या प्रत्येक गावानं केंद्राच्या इमिग्रेशन खात्याला साथ द्यायची. कुणालाही अटक झाली की त्याच्या बोटांचे ठसे वर पाठवायचे, आणि वरून सांगणं आलं की त्यांची गाडी येईपर्यंत त्या माणसाला कोठडीत डांबून ठेवायचं. साथ दिली नाही तर रस्त्यांचे आणि पाण्याचे पैसे बंद, मेयर घरी, चीफ घरी, आणि वर खटला. कायदा करणाऱ्यांनी टीव्हीवर एकमेकांच्या पाठी थोपटून घेतल्या. त्यांच्यातल्या एकानंही जन्मात कांदा उपटला नसावा. डेव्हरो गाव कांद्यावर जगतं, आणि कांदा उपटणारे हात सीमेपलीकडून, बिनकागदाचे येतात हे जॉर्जियातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

वर्नेलनं कायदा वाचला आणि कपाटात टाकला. अटक केलेल्या माणसाचं काय करायचं ते त्यात होतं, अटक करायलाच हवी असं कुठे नव्हतं. ती आपली हात पुढे करत राहिली.

पण डेव्हरोच्या पोलीस दलात वर्नेलखेरीज आणखी एक माणूस होता. लमार स्टोक्स, चाळिशीचा, नीटनेटका, शहरात बरीच वर्षं नोकरी करून नुकताच इथे आलेला. सोमवारी वर्नेल दात काढून घ्यायला तालुक्याच्या गावी गेली होती. लमारनं मागचा दिवा फुटलेली एक जुनी गाडी थांबवली, परवाना मागितला, तो नव्हता, म्हणून शहरात करत आला होता तेच केलं. दुपारी वर्नेल गालात कापूस धरून परतली, तेव्हा निकानोर पेरालेस कोठडीत बसलेला होता आणि त्याचे ठसे केव्हाच वर पोचले होते.

"मला कुणी काही सांगितलंच नाही, मॅडम," लमार म्हणाला.

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीतच असतं," वर्नेल म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की सगळ्यांत लमार येत नाही. तिला त्याच्यावर ओरडता येईना. दातापेक्षा ते जास्त ठणकलं.

मंगळवारी सकाळी न्यायाधीशानं निकानोरला दंड केला आणि सोडून दिलं. पण सोडलेला माणूस सुटला नाही. वरून सांगणं आलं होतं, की याला धरून ठेवा, आमची माणसं संध्याकाळी येतील.

दुपारी वर्नेल त्याच्यासाठी जेवण घेऊन गेली. डेव्हरोची कोठडी म्हणजे टाउन हॉलच्या मागच्या बाजूची एक खोली. लोखंडी दार, एक बाकडं, वर हातभर खिडकी. निकानोरची बायको एल्विया सकाळपासून बाहेर पायरीवर बसून होती. तिनंच दिलेले तमाले वर्नेलनं गजांतून आत सरकवले. मक्याच्या पानात गुंडाळलेले, अजून गरम.

"चीफ," निकानोर पान सोलत म्हणाला, "दर वेळी तुम्ही गाडीची किल्ली ठेवून घेता. या वेळी मलाच ठेवून घेतलंत."

"जेव गप."

"मिस पर्लचं गवत कापायचं मशीन माझ्या शेडमध्ये आहे. दुरुस्त झालंय. तेवढं पोचवा. तिला वाटेल मी घेऊन पळालो."

वीस वर्षं हा माणूस गावात होता. सकाळी शेतावर, संध्याकाळी शेडमध्ये. गावातलं बंद पडलेलं प्रत्येक यंत्र एकदा तरी त्याच्या हाताखालून गेलेलं. त्याची मुलगी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. आणि तो मिस पर्लच्या मशीनची काळजी करत होता. वर्नेलला राग आला. त्याचा नाही, लमारचा नाही, स्वतःच्या कमरेला लटकणाऱ्या कोठडीच्या किल्लीचा.

त्या किल्लीसाठी तिनं जन्म घालवला होता. तिचे आजोबा आयझिया टिसडेल याच खोलीत बसले होते, बहुधा याच बाकड्यावर. गुन्हा एवढाच की भर दुपारी रस्त्यावर उभे होते आणि काळे होते. कामधंदा नसलेला माणूस म्हणून गावच्या पोलिसानं त्यांना धरलं, आणि सक्तमजुरीच्या छावणीची गाडी येईपर्यंत इथे ठेवलं. मग ते जंगलात पाइनच्या झाडांचा चीक काढायला गेले. परत आले तेव्हा उजव्या हाताची मूठ मिटत नव्हती. आजी मरेपर्यंत या इमारतीवरून चालली नाही, रस्ता ओलांडून पलीकडून जायची. वर्नेल चीफ झाली, गावची पहिली बाई आणि पहिली काळी, तेव्हा तिनं त्याच दिवशी ती किल्ली हातात घेऊन मनात म्हटलं होतं, आता ही माझ्याकडे राहील. म्हणजे पुन्हा तसं होणार नाही.

आणि आता ती गाडी येईपर्यंत एका माणसाला धरून बसली होती.

"दार उघडून तुला जा म्हणाले तर?" तिनं विचारलं.

निकानोर चावायचा थांबला. "तर तुम्हाला आत घालतील. मिस लोरेनची खुर्ची जाईल. पाण्याचे पाइप तसेच फुटके राहतील. आणि सगळं गाव म्हणेल, निकानोरमुळे." त्यानं मान हलवली. "नको, चीफ. माझी बायको याच गावात राहणार आहे."

वर्नेल तिथून उठली ती थेट लोरेन हॅचरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. लोरेन गावची मेयर. गोरी, साठीची, बारीक चणीची, आणि जिभेला धार अशी की दुकानातल्या करवतींनी लाजावं. ती खिळे तोलत होती.

"माहितेय मला," वर्नेल काही बोलायच्या आत ती म्हणाली. "सकाळपासून वकिलाशी भांडतेय. तो म्हणतो, पोलीस दल आहे तोवर ऐकावंच लागेल."

"आहे तोवर."

"हो. तसंच लिहिलंय. ज्या गावाला पोलीस दल आहे त्या गावानं."

वर्नेलनं छातीवरच्या बिल्ल्याला हात लावला. लोरेनचा खिळ्यांनी भरलेला हात तराजूवर तसाच राहिला.

"नाही," लोरेन म्हणाली.

"आज बैठक आहेच. ठराव मांडायचा. गावाला पोलीस दल नको. एका ओळीचं काम."

"वर्नेल, हे दल म्हणजे कोण? तू आणि तो लमार. तुझ्या निवृत्तीला किती राहिलंय? मी तुझ्या कारकिर्दीवर स्वतःच्या हातानं माती टाकू?"

"टाक."

"आणि चोर आले तर?"

"तालुक्याचा शेरीफ बघेल. नाहीतर तू आहेस की. तुला बघून चोर आपणहून पाकीट टाकून जाईल."

लोरेन हसली नाही. तिनं चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला. "तू त्या बिल्ल्यासाठी किती ऐकून घेतलंस ते मी पाहिलंय," ती म्हणाली. "माझ्याच सासऱ्याकडून ऐकलंस."

"म्हणून तर तो माझा आहे. मी ठरवीन त्याचं काय करायचं ते."

आता प्रश्न माणसांचा होता. गावच्या कौन्सिलवर पाच जण, आणि तिघं हजर असल्याखेरीज बैठक भरत नसे. एक जण इस्पितळात होता. दुसरा, बडी स्ट्रिकलंड, वारं कुठून येतंय ते ओळखून सकाळीच मासे धरायला निघून गेला होता आणि फोन घरी विसरला होता. उरली लोरेन, चर्चमधले एक्याऐंशी वर्षांचे ब्रदर थिओफिलस, आणि कांद्याचा मोठा बागायतदार होइट क्रम्ली. ज्यानं हा कायदा आणला त्या आमदाराची पाटी होइटच्या फाटकावर निवडणुकीपासून अजून उभी होती.

लोरेननं त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"अर्धी माणसं कामावर आली नाहीत," होइट पलीकडून करवादला. "निकानोरचं कळलं आणि घरात दडून बसलीत. माल उपटून शेतात पडलाय, पाऊस डोक्यावर आहे, आणि तुम्हाला बैठका सुचतात."

"मत तूच दिलंस ना त्या दीडशहाण्याला? मग भोग," लोरेन म्हणाली.

"लोरेन," वर्नेलनं तिला कोपर मारलं. मग फोनकडे वाकून म्हणाली, "होइट, तू आलास तर बैठक होईल. नाही आलास तर नाही. एवढंच आहे."

पलीकडे ट्रॅक्टर धडधडत होता. "बघतो," होइट म्हणाला आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी टाउन हॉल भरला. एरवी बैठकीला दोन म्हाताऱ्या आणि एक झोपलेला माणूस येतो. आज भिंतींना लागून लोक उभे होते. मिस पर्ल काठी घेऊन पहिल्या रांगेत. शेतावरची माणसं मागे, दाराजवळ, पटकन निघता येईल अशा बेतानं. एल्विया मधोमध बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून, शेजारी लेक. कौन्सिलच्या टेबलामागे कोठडीकडे जाणारं दार, आणि त्या दाराला पाठ टेकून वर्नेल. गणवेश कडक इस्त्रीचा. लमार तिच्या बाजूला.

होइटची खुर्ची रिकामी होती.

लोरेननं घड्याळाकडे पाहिलं, वर्नेलकडे पाहिलं. तेवढ्यात रस्त्याकडचं दार उघडलं आणि दोघं अनोळखी आत आले. जाकिटांवर केंद्राच्या खात्याचं नाव. एक पन्नाशी उलटलेला, जड अंगाचा, एक तरुण. शेतावरची माणसं भिंतीत शिरायला बघू लागली. तरुण अधिकारी लोकांना बाजूला सारत सरळ टेबलाकडे निघाला.

"चीफ कोण आहे? आम्हाला किल्ली हवी."

लोरेननं हातोडी आपटली. "डेव्हरोची बैठक सुरू होत आहे. ब्रदर थिओ, प्रार्थना."

हजेरी प्रार्थनेनंतर घ्यायची, हे डेव्हरोत आधीपासून चालत आलेलं. प्रार्थना चालू असताना कुणी चालत नाही, बोलत नाही, खुर्ची वाजवत नाही. डेव्हरोचा चोरसुद्धा थांबेल.

ब्रदर थिओफिलस टेबलाला धरून हळूहळू उठले. सगळ्या हॉलनं माना खाली घातल्या. तरुण अधिकारी वाटेतच, एक पाय पुढे टाकून थबकला. त्यानं वर्नेलकडे हात केला, किल्लीसाठी. वर्नेलनं ओठांवर बोट ठेवलं. त्यानं मागे वळून साहेबाकडे पाहिलं. साहेबानं टोपी काढून छातीशी धरली होती आणि डोळे मिटले होते. तो अलाबामाचा असावा, नाहीतर टेनेसीचा, अशाच चर्चवाल्या मुलखातला. लहानपणी चर्चच्या बाकावर आईचा चिमटा खाल्लेला माणूस लगेच ओळखू येतो. तरुणानंही टोपी काढली.

"हे स्वर्गीय पित्या," ब्रदर थिओफिलस म्हणाले, "आज आम्ही तुझ्यापुढे आलो आहोत, आणि आम्हाला घाई नाही."

"हो, प्रभो," मिस पर्ल म्हणाली.

"पित्या, सिस्टर पर्लच्या खुब्यावर हात ठेव. डाव्या. उजवा तू गेल्या वर्षी बरा केलास, त्याबद्दल आभार मानले होते, पण पुन्हा मानतो. इस्पितळात पडलेल्या आमच्या भावाला बरं कर. बडी स्ट्रिकलंड मासे धरायला गेलाय, प्रभो, त्याला काही सापडू देऊ नकोस."

कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. वर्नेल डोळे मिटून बाहेरच्या रस्त्याचा कानोसा घेत होती. होइटचा ट्रक गावात शिरला की दोन गल्ल्यांवरून ऐकू येतो. रस्ता शांत होता.

ब्रदर थिओफिलस प्रार्थनेतच मिल स्ट्रीटपासून निघाले आणि घरोघर गेले. कुणाची साखर, कुणाची गुडघेदुखी, कुणाच्या पोराची परीक्षा. मग चर्च स्ट्रीट. मग रेल्वेच्या पलीकडची वस्ती, तिथली स्पॅनिश नावं त्यांच्या तोंडात नीट बसत नव्हती, तरी एकही गाळलं नाही. तरुण अधिकारी एका पायावरून दुसऱ्या पायावर आला.

"आणि आमच्याकडे दोन पाहुणे आले आहेत, पित्या. त्यांच्या आयांना तू सुखी ठेव. त्यांनी या मुलांना प्रार्थनेत टोपी काढायला शिकवलं."

"आमेन," साहेबाच्या तोंडून नकळत गेलं.

म्हाताऱ्याचा आवाज बसत चालला होता. त्यांनी टेबल आणखी घट्ट धरलं. लमार पुढे झाला, त्याच्या मागे खुर्ची धरून उभा राहिला. ब्रदर थिओ बसले नाहीत. जिवंत माणसं संपली तसे ते स्मशानाकडे वळले.

"आणि पित्या, आयझिया टिसडेलसाठी."

वर्नेलनं डोळे उघडले.

"मी लहान होतो, तू पाहिलंसच. या भिंतीपलीकडे त्याला बसवला होता, गाडी येईपर्यंत. त्याची बायको बाहेर पायरीवर. त्या संध्याकाळीही इथे बैठक होती, प्रभो. त्यांनीही प्रार्थना केली. चांगली मोठी केली. मग आमेन म्हणाले आणि घरी जाऊन जेवले. आमची माणसं बाहेर उभी होती, तीही घरी गेली, कारण भीती वाटत होती. कुणी उठलं नाही. ते तू आम्हाला अजून माफ केलं नसशील, आणि करूही नकोस. आम्हाला ते आठवत राहू दे."

वर्नेलचे गाल भिजले, तिनं पुसले नाहीत. आजोबांबद्दल या इमारतीत कुणी मोठ्यानं काही बोललेलं तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आणि तेव्हा तो आवाज आला. धडधडत, खोकत, मिल स्ट्रीटवरून. ट्रक इमारतीच्या मागच्या बाजूला, तिला लागून असलेल्या फायर स्टेशनपाशी जाऊन थांबला, आणि इंजिन कुणी बंद केलं नाही. जड बूट पायऱ्या चढले. दार उघडलं. कांद्याचा वास आत आला.

"आणि होइट क्रम्लीसाठी, प्रभो," ब्रदर थिओफिलस डोळे न उघडता म्हणाले, "जो उशिरा येतो आणि पाय पुसत नाही. तरी तो आला. हे आम्ही प्रभू येशूच्या नावानं मागतो. आमेन."

"आमेन," अख्खा हॉल म्हणाला, आणि ब्रदर थिओ धपकन खुर्चीत बसले.

होइट चिखलाच्या बुटांनी चालत आपल्या जागेवर गेला. लोरेननं श्वास न घेता ठराव वाचला. डेव्हरो गाव आपलं पोलीस दल या क्षणापासून बरखास्त करत आहे. कोठडी म्हणून वापरात असलेली खोली यापुढे खुर्च्या ठेवण्यासाठी वापरली जाईल.

"थांबा," तरुण अधिकारी म्हणाला. "हे काय चाललंय?"

"बैठक," लोरेन म्हणाली. "लोकांना बोलायची वेळ शेवटी असते. माझं मत, होकार. ब्रदर थिओ?"

"होकार."

"होइट?"

होइटनं टोपी काढली. कपाळावर उन्हाची रेघ होती. तो लोकांकडे नाही, टेबलाकडे बघून बोलला. "मी त्या माणसाला मत दिलं. पुन्हाही दिलं असतं, कुणास ठाऊक. मला वाटलं, हे कुठल्या तरी दुसऱ्या गावाबद्दल आहे." तो थांबला. "माझ्या शेतातली माणसं आज घरात दिवे बंद करून बसलीत. त्यांची पोरं माझ्या नातवंडांबरोबर खेळतात. मत दिलं, गाव नव्हतं दिलं. होकार."

वर्नेलनं बिल्ला काढला. पिन कापडात अडकली होती, ती सोडवायला वेळ लागला. तिनं बिल्ला टेबलावर ठेवला. त्याच्या शेजारी लमारनं आपला ठेवला, कुणी न सांगता.

"आज आपल्याकडे पाहुणे आहेत," लोरेन उभी राहून म्हणाली. "आपल्या रीतीप्रमाणे त्यांचं स्वागत करूया. आणि ती मागची खोली कुणीतरी रिकामी करून घ्या. खुर्च्या लावायच्या आहेत."

चर्चमध्ये नवं माणूस आलं की सगळ्यांनी रांग लावून हात मिळवायचा, ही तिथली पद्धत. लोक उठले. सगळ्यात आधी एल्विया उठली. पर्स लेकीकडे देऊन ती सरळ त्या साहेबासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"एल्विया पेरालेस," ती म्हणाली. "डेव्हरोत तुमचं स्वागत आहे."

साहेबानं नाव ऐकलं. तिच्याकडे पाहिलं. पण हात पुढे आला होता, आणि त्यानं तो घेतला. एल्वियानं दुसरा हातही त्याच्या हातावर ठेवला आणि सोडला नाही. तिच्या मागे मिस पर्ल, तिच्या मागे बँडची मास्तरीण, तिच्या मागे सगळं गाव. तरुण अधिकाऱ्याला ब्रदर थिओफिलसांच्या नातसुनेनं धरलं आणि त्याचं कूळमूळ विचारायला घेतलं.

भिंतीपलीकडे वर्नेलनं कुलूप उघडलं.

निकानोर उभाच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "चीफ..."

"चीफ नाही आता. चल, मला खुर्च्या ठेवायच्यात."

"कुठे जाऊ?"

"ते मला सांगू नकोस. मागचं दार फायर स्टेशनात उघडतं. बाहेर ट्रक आहे, होइट नेईल. एल्वियाला आणि पोरीला मी बघते."

तो दोन पावलं गेला आणि वळला. "माझ्या गाडीची किल्ली?"

"परवाना आहे?"

निकानोर हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा चुरगळला. त्यानं तिला मिठी मारली नाही, तशी ती दोघं नव्हती. त्यानं नुसती टोपी काढली, आणि गेला. वर्नेलनं लोखंडी दार सताड उघडं ठेवलं आणि एक घडीची खुर्ची आत नेऊन बाकड्यासमोर टेकवली.

साहेब आला तेव्हा ती दुसरी खुर्ची लावत होती. बाहेर ट्रकचा आवाज लांब लांब जात होता.

"माणूस कुठाय?"

"न्यायाधीशानं सकाळीच सोडला होता. आम्हालाच उशीर झाला."

"पोलिसांनी त्याला धरून ठेवायला हवं होतं."

"हवं होतं. पण पोलीस नाहीत इथे."

"आणि तुम्ही कोण?"

"वर्नेल टिसडेल. मिल स्ट्रीटवर राहते."

साहेबानं खोलीभर नजर फिरवली. बाकडं, खिडकी, दोन खुर्च्या. टिसडेल हे नाव त्यानं थोड्या वेळापूर्वीच ऐकलं होतं. "हे टिकायचं नाही, मॅडम," तो म्हणाला. आवाजात दरारा नव्हता. "राजधानीतले नवीन कायदा करतील. आणि त्याला आम्ही शोधूच."

"शोधा. कायदा करू देत, तेही बघू. पण शोधणार तुम्ही, धरणार तुम्ही, आणि रात्री घरी जाऊन पोरांना सांगणारही तुम्हीच. आमच्या हातानं नाही मिळणार." तिनं त्याच्या हातात एक खुर्ची दिली. "आलाच आहात तर ती तिथे लावा."

त्यानं खुर्ची लावली. मग टोपी घालून निघून गेला.

रविवारी वर्नेल सवयीनं पहाटे उठली आणि गणवेशाला इस्त्री करायला गेली. तो नव्हता. ती तशीच पलंगाच्या काठावर बसून राहिली. बिल्ला परत घ्यावासा वाटला नाही, पण तो नसण्याची जागा छातीवर टोचत होती, हे तिनं स्वतःपाशी कबूल केलं.

डेव्हरोच्या चौकात तीन चर्च सुटतात, तिन्ही एकाच वेळी. गोऱ्यांचं बाप्टिस्ट, वर्नेलचं, आणि स्पॅनिश लोकांचं. म्हातारी माणसं, पोरं, स्ट्रोलर सगळे एकदम रस्त्यात उतरतात, आणि हंगामात कांद्याचे ट्रक तिथून सुसाट जातात. दर रविवारी चीफ तिथे उभी राहून रस्ता थांबवायची. आज लोक कडेला थांबून एकमेकांकडे बघत होते. शेरीफची गाडी कुठे दिसत नव्हती.

वर्नेल जांभळ्या पोशाखात आणि रविवारच्या मोठ्या टोपीत चौकाच्या मधोमध गेली आणि तिनं हात वर केला.

समोरून येणारा ट्रक थांबला. दुसऱ्या बाजूनं परगावची एक चकचकीत गाडी आली. वर्नेलनं दुसरा हात वर केला. तीही थांबली. लोक निवांत रस्ता ओलांडू लागले. मिस पर्लनं तर मधेच थांबून टोपीचं कौतुक केलं.

रस्ता मोकळा झाल्यावर तिनं ट्रककडे नीट पाहिलं. ट्रक होइटचा होता. होइट बाजूला, गळ्यात हात बांधून बसला होता. चाकावर निकानोर.

ती खिडकीशी गेली.

"होइटचा खांदा निखळलाय," निकानोर घाईनं म्हणाला. "मला पलीकडच्या गावात दुपारच्या मासला, कॅथलिक प्रार्थनेला, जायचं होतं. एवढ्यापुरतंच. मागच्या रस्त्यानंच आलो."

तिनं हात पुढे केला.

निकानोरनं तिच्या जांभळ्या पोशाखावर बिल्ला असायचा त्या जागी पाहिलं. मग इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मुकाट्यानं तिच्या तळहातावर ठेवली.

"सरक तिकडे," वर्नेल टोपी सावरत चढली. त्या चर्चपर्यंतचा रस्ता फार लांब नव्हता, तरी तेवढ्यात तिनं दोघांनाही पोटभर बोलून घेतलं.